लांडग्यांची खानेसुमारी

लांडग्याच्या संरक्षणाचा प्रश्न जेथे जेथे निघतो, मग ती युरोपीय मंत्र्यांची बैठक असो, अमेरिकेतील एखाद्या राज्याचे विधिमंडळ असो, किंवा आपल्याकडे मेंढरांच्या नुकसानभरपाईसाठी तालुक्याच्या गावी भरलेली सभा असो, तेथे तेथे अलीकडे एक युक्तिवाद हटकून पुढे येतो. जगात लांडगे दोन ते अडीच लाख आहेत, आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने आपल्या लाल यादीत या प्राण्याला सर्वांत कमी काळजीच्या वर्गात घातले आहे, आणि ज्या प्राण्याची गणती लाखांत होते त्याच्याभोवती कायद्याची तटबंदी उभारून गरीब मेंढपाळाला वेठीस धरण्यात कोणतेही शहाणपण नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो मांडणारे सारेच लोक निर्दय किंवा शिकारीचे षौकी असतात असे मी मुळीच मानत नाही. त्यांतील कित्येकांनी आपल्या वाड्यातील कोकरे एका रात्रीत गमावलेली असतात आणि त्यांचे दुःख अस्सल असते. परंतु दुःख अस्सल असले म्हणून त्याच्या आधाराला घेतलेला आकडा अस्सल ठरत नाही. आणि हा आकडा ज्या अर्थाने वापरला जातो त्या अर्थाने तो टिकत नाही, एवढेच मला येथे दाखवावयाचे आहे.

लोकसंख्या मोजण्याला आपल्या भाषेत खानेसुमारी हा फारशीतून आलेला जुना शब्द आहे. खाना म्हणजे घर आणि शुमारी म्हणजे मोजणी. माणूस मोजता येतो तो त्याला घर असते म्हणून. मोजणीचा कारकून दारासमोर उभा राहतो, घरातील माणसांची नावे विचारतो, वहीत लिहितो आणि पुढच्या दाराकडे वळतो. लांडग्याला असे दार नाही. पिले लहान असतात ते काही आठवडे सोडले तर तो एका बिळाशी बांधलेला नसतो, एका रात्रीत वीस-तीस कोस नव्हे तरी वीस-तीस किलोमीटर सहज तोडतो, माणसाच्या वासाने दूर सरतो, आणि त्याच्या अंगावर वाघासारखे पट्टे नसल्यामुळे छायाचित्रात दिसला तरी कालचाच तो की दुसरा, हे सांगणे बहुधा अशक्य होते. त्यात कळप सोडून नवी हद्द शोधत एकटे हिंडणारे तरुण लांडगे असतात. ते एकूण संख्येच्या दहा ते पंधरा टक्के असावेत असे अभ्यासक धरतात, आणि ते कोणत्याच कळपाच्या खात्यावर मांडता येत नाहीत. अशा प्राण्याची जेव्हा संख्या सांगितली जाते, तेव्हा ती खानेसुमारी नसून अजमास असतो, आणि अजमासाला खानेसुमारीचा मान देणे ही या साऱ्या युक्तिवादातील पहिली चूक आहे.

दुसरी चूक याहून गंभीर आहे. दोन ते अडीच लाखांची ही बेरीज कोणत्या रकमांची आहे, हे ती उच्चारणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेले असते. कॅनडातील लांडगे पन्नास ते साठ हजार सांगतात, अलास्कातील सात ते अकरा हजार, मंगोलियातील दहा ते वीस हजार, कझाकस्तानातील तीस हजारांच्या आसपास, आणि रशियातील कोणी तीस हजार सांगतो तर कोणी साठ हजार. म्हणजे या बेरजेचा फार मोठा हिस्सा ज्या प्रदेशांतून येतो, त्या विस्तीर्ण अरण्यांत आणि गवताळ पठारांत लांडगे सर्वांत कमी काळजीपूर्वक मोजले गेलेले आहेत. आणि ज्या ठिकाणी जवळजवळ प्रत्येक लांडगा ओळखीचा आहे, त्या ठिकाणांची रक्कम या बेरजेत चिमूटभरच भरते. एखाद्या सावकाराच्या ताळेबंदात दहा रुपयांची पावती जोडलेली असावी आणि लाखाची नोंद नुसत्या तोंडच्या बोलीवर असावी, तसाच हा प्रकार आहे. एकट्या रशियाच्या दोन अंदाजांमध्येच तीस हजारांची तफावत असेल, तर तिच्यापुढे सर्व भारतातील लांडग्यांची संख्या, जी तीन हजारांच्या आसपास आहे, ती जेमतेम दहाव्या हिश्शाइतकीच भरते. जगाच्या बेरजेचे दोन लाख हे खालचे टोक आणि अडीच लाख हे वरचे टोक यांमध्ये जे पन्नास हजारांचे अंतर आहे, ते तर भारतीय लांडग्यांच्या सोळापट भरते. उद्या आपल्या देशातील शेवटचा लांडगा मेला, तरी जगाच्या आकड्यावर त्याची रेघही उमटणार नाही. ज्या मापावर एका संपूर्ण देशातील लांडग्यांचा विनाश उमटत नाही, त्या मापाने कोणत्याही एका ठिकाणचा लांडगा सुरक्षित आहे की नाही, हे ठरवावयाचे तरी कसे?

रशियात ही मोजणी कशी होते ते पाहिले म्हणजे या तफावतीचे नवल वाटत नाही. तेथे हिवाळ्यात ठरावीक वाटांनी बर्फावरून जाऊन आदल्या दिवसात उमटलेले माग मोजतात. फोर्मोझोव्ह या प्राणिशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडलेल्या विचारावर ही पद्धत उभी आहे: जो प्राणी दिवसाला अधिक चालतो त्याचे माग मोजणीची वाट अधिक वेळा ओलांडणार, म्हणून मागांच्या संख्येला त्याच्या दैनिक चालीने भागले पाहिजे. विचार अतिशय सुंदर आहे, आणि सशाकोल्ह्यांच्या बाबतीत तो पुष्कळ उपयोगीही पडला आहे. पण लांडग्याची चाल एके दिवशी तीन किलोमीटर तर दुसऱ्या दिवशी चाळीस असू शकते, आणि त्यातही खोल बर्फात सबंध कळप एकामागून एक असा, पुढच्याच्या पावलात पाऊल टाकीत चालतो, त्यामुळे सात जनावरे गेली तरी अननुभवी नजरेला दोघांचाच माग दिसावा. उलट, ज्या कळपाची हद्द दोन जिल्ह्यांत पसरली आहे तो दोन्ही दप्तरांत नोंदला जातो आणि राजधानीत बेरीज होते तेव्हा दुप्पट होऊन बसतो. एके ठिकाणी कमी आणि दुसरीकडे जास्त झाले म्हणजे चुका आपोआप फिटतात, असे काहीजण म्हणतात. पण चुका फिटल्या की साचल्या हे कळण्यासाठी जी स्वतंत्र मोजणी हवी, तीच तेथे नसते.

यावर प्रतिपक्षाचे उत्तर असे की ही जुन्या काळची रड झाली. आता गणितशास्त्र पुढे गेले आहे, आणि अमेरिकेतील मोंटाना किंवा विस्कॉन्सिन यांसारख्या राज्यांत नव्या गणिती सूत्रांनी लांडग्यांची संख्या काढतात. या सूत्रांचा तिरस्कार करण्याचे मला कारण नाही. परंतु त्यांचा सांगाडा काय आहे तो वाचकाने पाहावा. शिकाऱ्यांच्या व वनखात्याच्या नोंदींवरून लांडग्यांनी व्यापलेले क्षेत्र ठरवितात, त्याला एका कळपाच्या सरासरी हद्दीने भागतात म्हणजे कळप किती ते निघते, आणि त्याला कळपातील सरासरी संख्येने गुणतात. वर एकट्या हिंडणाऱ्यांची भर घालतात. आता व्यापलेले क्षेत्र दहा टक्क्यांनी जास्त धरले गेले, हद्द दहा टक्क्यांनी लहान धरली गेली आणि कळप दहा टक्क्यांनी मोठा धरला गेला, तर शेवटचा आकडा दहा टक्क्यांनी चुकत नाही. तो एकतृतीयांशाहून अधिक फुगतो. प्रत्येक चूक क्षम्य असताना निष्कर्ष अक्षम्य होतो, हा गुणाकाराचा धर्मच आहे. म्हणूनच या सूत्रांचे प्रामाणिक कर्ते आपल्या आकड्याबरोबर खालची व वरची मर्यादा लिहितात. ती मर्यादा मंत्र्याच्या मेजापर्यंत जाताजाता गळून पडते आणि मधला एकच आकडा शिल्लक राहतो.

त्या उरलेल्या आकड्यावर विसंबून काय होते याचे उदाहरण फार दूरचे नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमध्ये लांडग्यांच्या शिकारीचा हंगाम खुला झाला. राज्यात लांडगे हजाराहून थोडे अधिक आहेत असे धरून परवानाधारक शिकाऱ्यांसाठी ११९ लांडग्यांची मर्यादा ठरविलेली होती आणि हंगाम आठवडाभर चालावयाचा होता. तो तीन दिवसांच्या आत बंद करावा लागला, कारण तेवढ्या अवधीत २१८ लांडगे मारले गेले होते, आणि तेही लांडग्यांच्या समागमाच्या काळात. त्यानंतर उरले किती यावर सरकारी खाते आणि विद्यापीठातील संशोधक यांच्यात जो वाद झाला त्यात अभ्यासकांच्या एका गटाने, नोंद न झालेल्या चोरट्या शिकारी धरून, संख्या एका वर्षात सत्तावीस ते तेहतीस टक्क्यांनी घटली असा निष्कर्ष काढला. खात्याला तो मान्य नव्हता. परवान्याने मारलेल्यांचा आकडा शेवटच्या एककापर्यंत ठाऊक आणि जिवंतांचा आकडा वादग्रस्त, अशा स्थितीत मर्यादा ठरविणे म्हणजे विहिरीत पाणी किती हे न पाहता मोट जोडणे होय.

येथे मला दुसऱ्या बाजूच्या एका मताचाही प्रतिवाद केला पाहिजे, कारण ते मत माझ्या मताशी गल्लत होण्याजोगे आहे. लांडगे मोजताच येत नाहीत, सारे आकडे म्हणजे कल्पनेचा खेळ, तेव्हा मोजणीचा नाद सोडून द्यावा असे म्हणणारेही काही निसर्गप्रेमी आहेत. हे मला सर्वस्वी अमान्य आहे. सुपीरिअर सरोवरातील आइल रॉयल या बेटावर १९५८ पासून हिवाळ्यात विमानातून लांडगे मोजले जात आहेत, आणि तेथे १९८० साली पन्नास लांडगे होते ते दोन वर्षांत चौदावर आले हे निःसंदिग्धपणे दिसले. कुत्र्यांतून आलेल्या पार्वो विषाणूचा तो घाला होता. पुढे २०१८ मध्ये त्या बेटावर अवघे दोन लांडगे उरले, आणि ते उरले हे ठाऊक होते म्हणूनच बाहेरून नवे लांडगे आणून सोडण्याचा निर्णय वेळेवर घेता आला. मोजणी नेमकी असेल तर ती असे काम करते.

इटलीचे उदाहरण तर मला सर्वांत बोधप्रद वाटते, आणि त्याविषयी थोडे विस्ताराने लिहावेसे वाटते. लुइजी बोइतानी आणि एरिक त्सिमेन या दोघांनी १९७३ च्या सुमारास अपेनाइन पर्वतातून हिंडून त्या देशात केवळ शंभराच्या आसपास लांडगे उरले आहेत असा निष्कर्ष काढला होता. पुढे कायद्याचे संरक्षण मिळाले, डोंगरातील ओसाड पडलेल्या शेतांवर रान वाढले, हरणे व रानडुकरे परतली, आणि लांडगा हळूहळू आल्प्सपर्यंत पोहोचला. २०२०-२१ मध्ये सबंध देशाची एकाच पद्धतीने, एकाच हंगामात मोजणी झाली. हजारो प्रशिक्षित माणसांनी नेमून दिलेल्या वाटा पुन्हा पुन्हा तुडवून विष्ठेचे नमुने गोळा केले, त्यांतील जनुकांवरून कोणता नमुना कोणत्या लांडग्याचा हे ओळखले, आणि ओळखलेले लांडगे पुन्हा किती वेळा सापडतात यावरून न सापडलेल्यांची संख्या काढली. ज्या तळ्यात जाळे टाकल्यावर तेच खूण केलेले मासे वारंवार येतात ते तळे लहान, आणि ज्यात दर वेळी नवे येतात ते मोठे, हे कोळ्याच्या पोरालाही कळते. त्यामागील तत्त्व हेच आहे. उत्तर आले ३,३०७. आणि त्याच ओळीत लिहिले होते की खरी संख्या २,९४५ आणि ३,६०८ यांच्या दरम्यान असावी. आकड्याशेजारी त्याची अनिश्चितता, पद्धत आणि हंगाम लिहिण्याचा हा प्रामाणिकपणा मला त्या आकड्याहूनही मोलाचा वाटतो.

हंगामाचा उल्लेख मी सहज केला नाही. लांडगीला एका वेतात चार ते सहा पिले होतात आणि त्यांतील पुष्कळशी वर्षाच्या आत मरतात. त्यामुळे पिले झाल्यावर मोजलेला कळप आणि त्याआधी मोजलेला तोच कळप यांत दुपटीचाही फरक पडू शकतो. उत्तरेकडील देशांत पिले वसंतात होतात, म्हणून हिवाळ्याच्या अखेरची मोजणी ही त्यांची सर्वांत कमी संख्या असते. आपल्या दख्खनच्या माळावर मात्र पिले हिवाळ्यातच जन्मतात. तेव्हा जानेवारीतील स्वीडन आणि जानेवारीतील सोलापूर यांची बेरीज करणे म्हणजे एका घरी लग्नाच्या दिवशी व दुसऱ्या घरी एरवीच्या दिवशी माणसे मोजून गावाची वस्ती ठरविणे होय.

युरोपाची बेरीजही तपासून पाहिली पाहिजे, कारण तिच्यामुळे अलीकडे कायदा बदलला. युरोपीय संघातील लांडग्यांची संख्या २०२३ मध्ये २०,३०० च्या आसपास असल्याचे संघाच्या आयोगाने सांगितले; दहा-अकरा वर्षांपूर्वीच्या संख्येच्या ती जवळजवळ दुप्पट होती. ही वाढ खरी आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. तिचा आधार घेऊन १९७९ च्या बर्न करारातील लांडग्याचा दर्जा ‘कडक संरक्षित’ वरून ‘संरक्षित’ असा उतरविण्याचा ठराव डिसेंबर २०२४ मध्ये संमत झाला आणि मार्च २०२५ पासून अमलात आला. परंतु याच वाढीच्या काळात दक्षिण स्पेनमधील सिएरा मोरेना पर्वतात, जेथे लांडग्यांची एक अलग पडलेली वस्ती टिकून होती, ती वस्ती नामशेष झाली. बेरीज वाढत होती आणि तिचा एक घटक शून्य होत होता; बेरीज पाहणाऱ्याला हे शून्य दिसण्याचा मार्गच नव्हता. संरक्षण उतरविण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा आहे, हे मला मान्य आहे; पण तो निर्णय एका खंडाच्या बेरजेवर घेताना त्यांनी वस्तीवस्तीचा हिशेब मागावयास हवा होता, आणि तो मागितला असता तर एकाच फर्मानाने सर्वांना तागडीत घालणे त्यांना जड गेले असते.

आता आपल्या देशाकडे वळतो. येथे लांडग्यांची खानेसुमारी कधी झाली नाही, परंतु शिरगणती झाली, आणि ती त्या शब्दाच्या सर्वांत क्रूर अर्थाने झाली. इंग्रजी अमलात लांडगा मारून आणणाऱ्याला सरकारी खजिन्यातून बक्षीस मिळे आणि त्याची नोंद दप्तरात होई. इतिहासकार महेश रंगराजन यांनी त्या नोंदींवरून दाखविले आहे की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत या देशात सुमारे दोन लाख लांडगे मारले गेले. आज सर्व जगात जितके लांडगे असल्याचे सांगून आपल्याला निश्चिंत राहावयास सांगितले जाते, जवळपास तितके एका देशात पन्नास वर्षांत बक्षिसापायी संपले, आणि त्या काळात जिवंत किती उरले हे विचारण्याची गरज एकाही कलेक्टराच्या कचेरीला वाटल्याचे दिसत नाही.

जे उरले त्यांचे वेगळेपण आता कळू लागले आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने भारतीय लांडगा हा जगातील लांडग्यांच्या अत्यंत प्राचीन व इतरांपासून फार पूर्वी दुरावलेल्या वंशांपैकी एक असल्याचे दाखविले; कॅनडात पन्नास हजार लांडगे असले म्हणून हा वंश भरून निघावयाचा नाही. २०२२ मध्ये या देशातील प्रौढ लांडग्यांची संख्या ३,१०० च्या आसपास असल्याचा अंदाज पुढे आला. तो वाघांसाठी घातलेल्या पाहणीतील नोंदींचा आधार घेऊन, अनुकूल क्षेत्र, सरासरी हद्द आणि कळपाचे मान यांच्या हिशेबातून काढलेला आहे. काढणाऱ्यांनी तो परिश्रमपूर्वक काढला यात शंका नाही, पण मघाशी सांगितलेला गुणाकाराचा धर्म त्यालाही लागू आहे. निसर्गसंवर्धन संघानेही अखेर २०२५ मध्ये भारतीय लांडग्याचे मूल्यमापन स्वतंत्रपणे करून त्याला ‘असुरक्षित’ ठरविले. ज्या लाल यादीचा दाखला प्रतिपक्ष देतो, त्याच यादीने आपल्या लांडग्याला जगाच्या बेरजेतून वेगळे काढले आहे, हे त्यांच्या कानी घालावयास हवे.

आपल्याकडे मोजणी अवघड होण्याला आणखी एक कारण आहे, आणि त्याचे मूळ महसुली दप्तरात आहे. वाघ जंगलात राहतो आणि जंगलाला खाते आहे, पहारेकरी आहे, नकाशा आहे. लांडगा राहतो तो माळावर, गायरानात, शेतांच्या बांधांवर; आणि या भूमीची नोंद बहुधा पडीक म्हणून होते. जी जमीन कागदोपत्री रिकामी, तिच्यावर काय जगते हे मोजावयास कोण जाणार? सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, जेथे १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले, लांडग्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला. महाराष्ट्राच्या माळांवरच लांडग्यांच्या आरोळीतील स्वरभेदांवरून एकेक लांडगा ओळखता येईल काय याचेही प्रयोग झाले आणि त्यांना चांगले यश आले. पुण्याच्या आसपास लांडगा व कुत्रा यांच्या संकराचे पुरावे जनुकीय तपासणीत मिळाले, ज्यामुळे लांडगा म्हणून कोणाला मोजावे हाच प्रश्न उभा राहिला. पण ही अभ्यासकांनी जागोजाग पेटविलेली निरांजने आहेत. राज्याच्या साऱ्या माळांवर त्यांचा उजेड पडत नाही.

‘लांडगे फार वाढले’ असे धनगर सांगतो तेव्हा त्याच्यावर अविश्वास दाखविणे अन्यायाचे होईल. तो रात्री वाड्याभोवती जागतो, कोणत्या ओढ्याने लांडगा येतो हे त्याला ठाऊक असते, आणि लांडगा आहे की नाही याची साक्ष त्याच्याइतकी कोणीच देऊ शकत नाही. परंतु हल्ले वाढले म्हणजे लांडगे वाढले हे अनुमान निघत नाही. माळ नांगरला गेला, ससे व हरणे सरली, की पूर्वीचाच कळप अधिक वेळा वाड्याकडे वळतो. आणि आपल्याकडे एका कळपाची हद्द दोनशे चौरस किलोमीटरांच्या आसपास असल्याने तोच कळप एका पंधरवड्यात चार गावांत दिसतो आणि चार गावांतून चार कळपांची बातमी येते. धनगराची साक्ष मोजणीत घ्यावी, वाडीवाडीने तारीखवार नोंदून घ्यावी, त्याची नुकसानभरपाई पंचनाम्याच्या चकरांत न अडकवता वेळेवर द्यावी. पण त्याच्या साक्षीवरून संख्या ठरवू नये.

मोजणीच्या सोयीसाठी कागदावर विसंबल्याचे फळ आपण एकदा भोगलेही आहे. राजस्थानातील सरिस्का येथे पंजांच्या ठशांवरून वाघांची गणती दरवेळी होत होती, कागदावर वाघ होते, आणि २००५ मध्ये उघड झाले की तेथे एकही वाघ उरलेला नाही. त्या धक्क्यानंतर देशाने ठशांची पद्धत टाकून दिली आणि वाघाची शास्त्रीय गणना दर चार वर्षांनी होऊ लागली.

तेव्हा जे अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि पत्रकार यापुढे लांडग्यांचा आकडा उच्चारतील, त्यांना माझी विनंती आहे की तो कोणत्या पद्धतीने, कोणत्या महिन्यात आणि कोणत्या हद्दीत काढला, व त्याच्या खालच्या-वरच्या मर्यादा कोणत्या, हे त्यांनी त्याच वाक्यात सांगावे. आणि ते सांगता येत नसेल तर त्या आकड्यावर परवाना, बंदी किंवा सवलत यांपैकी काहीही ठरवू नये. महाराष्ट्र शासनाने आपल्या माळरानांवर, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांपासून आरंभ करून, लांडग्यांची स्वतंत्र मोजणी हाती घ्यावी, ती एकाच पद्धतीने दर चार वर्षांनी करावी, आणि त्या जमिनींच्या सातबाऱ्यावरील ‘पडीक’ हा शब्द तिच्या निष्कर्षांसमोर ठेवून पुन्हा तपासावा.